मुंबई ते लंडन : किती लांब?

आतेभाऊ लंडनला नोकरीला गेला. आजीने विचारले, "तू कालिजात जातूस ना? मग सांग, किती लांब हाय?" मी नकाशावर पट्टी ठेवली आणि फसलो. नकाशा सपाट, पृथ्वी गोल! ग्रंथालयातल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून प्रमाणाने गुणले, तेव्हा सुमारे 7,200 किलोमीटर भरले. थेट विमानाला जाताना साधारण दहा तास लागतात. वाटेत युद्ध असले की वळसा वेगळाच. येताना वेळ कमी, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जून 1948 मध्ये एअर इंडियाचे पहिले विमान कैरो, जिनिव्हा करत लंडनला पोचले होते. परभणीहून मुंबईला रेल्वेत रात्र जाते, तेवढ्यात तो लंडनला! आजी म्हणाली, "मग पोळ्याला का नाय आला?" तिकिटाचा आकडा मी तिला सांगितला नाही.