‘ढ’ म्हणण्याआधी तपासणार कोण?

कसाऱ्याच्या आसपासच्या एखाद्या आश्रमशाळेतला चौथीचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. ऐकलेली गोष्ट तो जशीच्या तशी सांगतो, पैशांचा हिशेब तोंडी करतो. पण धडा वाचायला उभे केले की अडखळतो. वर्गात त्याला ‘ढ’ म्हटले जाते आणि विषय तिथेच संपतो. खरे तर तपासणी तिथून सुरू व्हायला हवी. नजर कमी असेल, ऐकू कमी येत असेल, रक्तक्षय असेल. घरी ठाकरी, वारली किंवा कातकरी बोली आणि पुस्तकात प्रमाण मराठी, हेही कारण असेल. किंवा ती विशिष्ट अध्ययन अक्षमता असेल. प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे.

डोळे, कान, रक्त डॉक्टर तपासतात. बुद्ध्यांक आणि वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या हे मानसशास्त्रज्ञाचे काम. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. महाराष्ट्रात अशा मुलांना सवलती देण्याची सुरुवात १९९६ मध्येच झाली. पण चाचणी मुलाला समजणाऱ्या भाषेत हवी. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते इंग्रजीपेक्षा सरळ आहे. त्यामुळे इथे दोष अनेकदा चुकांपेक्षा वाचनाच्या संथपणात दिसतो. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ ही चाचणी मराठीतही उपलब्ध आहे. मात्र बोली आणि अक्षमता यांतला फरक ओळखायला मुलाची बोली जाणणारा माणूस लागतो. म्हणून या शिक्षणाला शहापूर-मुरबाडची मुले-मुली जाणे गरजेचे आहे.

वाट कशी आहे?

इंग्लंडमध्ये शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी तीन वर्षांची व्यावसायिक डॉक्टरेट करावी लागते. भारतात या नावाची स्वतंत्र नोंदणी नाही. इथे मानसशास्त्रातील पदवी, मग दोन वर्षांचे एम.ए. ही पायरी. प्रमाणपत्रासाठीच्या चाचण्या करायच्या तर त्यापुढे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले चिकित्सा किंवा पुनर्वसन मानसशास्त्राचे प्रशिक्षण आणि नोंदणी हवी. नव्या शैक्षणिक धोरणामुळे एम.फिल.चा जुना मार्ग बदलत आहे. अर्जापूर्वी परिषदेची चालू वर्षाची यादी पाहावी. काही आठवड्यांच्या ‘समुपदेशक’ प्रमाणपत्रावर पैसे घालवू नयेत. त्यावर ही नोंदणी मिळत नाही.

एम.ए.साठी मुंबई विद्यापीठाचा कालिना येथील उपयोजित मानसशास्त्र विभाग आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेसाठी ‘सीयूईटी-पीजी’ ही परीक्षा द्यावी लागते. पदवीला मानसशास्त्र घेतलेले असेल तर प्रवेश सोपा जातो, म्हणून निर्णय बारावीनंतरच व्हावा. सुटीत आश्रमशाळेत मुलांना वाचून दाखवावे, त्यांच्या अडचणी वहीत टिपाव्यात. मुलाखतीत हा अनुभव उपयोगी पडतो. चाचण्या मात्र प्रशिक्षणाशिवाय कुणावरही वापरू नयेत.

अडचण अंतराची

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमावा, असे निर्देश दिले. म्हणजे माणसांची मागणी वाढणार. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवले. रुग्णांशी संबंधित शिक्षण प्रत्यक्ष व्हावे, हे वैद्यकीयदृष्ट्या योग्यच. पण घरी राहून शिकण्याचा आधार त्यामुळे गेला. कसारा लोकलने रोज मुंबईला जाऊन-येऊन पाचेक तास गाडीतच जातात. अशा वेळी वसतिगृह ही चैन राहत नाही. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्ती, शासकीय वसतिगृह आणि तिथे जागा न मिळाल्यास ‘स्वयम्’ योजना यांची चौकशी शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात, प्रवेशाच्या आधीच करावी.

पदवी, एम.ए. आणि प्रशिक्षण मिळून सात-आठ वर्षे जातात. चौथीतल्या त्या मुलाला इतकी वर्षे थांबता येणार नाही. त्याचे डोळे आणि कान याच महिन्यात तपासून घ्यावेत, आणि आठ वर्षे पूर्ण झाली असतील तर पुढील तपासणीसाठी जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात विचारणा करावी. त्याच्या धाकट्या भावंडांसाठी मात्र गावातल्या एखाद्या बारावीच्या मुलीने यंदाच मानसशास्त्राला प्रवेश घ्यायला हवा.