आधी सावली, मग वाळू

तुळशीची लग्नं लागली, मंगल कार्यालयांच्या तारखा भरत आल्या आणि प्री-वेडिंग शूटचा वाद पुन्हा तापला. काही समाजांच्या बैठकांत त्याविरुद्ध ठराव झाले, त्यावर उलटसुलट लिहूनही झालं. ठरावांचं काय व्हायचं ते होईल. पण फोटो काढायचेच असं ज्यांनी ठरवलंय, त्यांच्या यादीत एक नाव हमखास असतं: जैसलमेर. फेब्रुवारी 2023 मध्ये सिद्धार्थ मल्होत्रा आणि कियारा अडवाणी यांचं लग्न तिथल्या सूर्यगढ हॉटेलात झालं, त्या फोटोंनी या शहराची भुरळ आणखी वाढवली. आता प्रश्न पैशांचा किंवा सुट्टीचा राहत नाही. तिथे पोचल्यावर कॅमेरा नेमका कुठे लावायचा, हा असतो.

बहुतेकांचं उत्तर तयार असतं. वाळू!

मग दुपारी चारच्या सुमारास शहरातून पश्चिमेकडे, चाळीसेक किलोमीटरवरच्या समच्या दिशेने गाड्या निघतात. समला उतरावं तर टेकडीच्या माथ्यापर्यंत पावलांचा नांगर फिरलेला. उंटांच्या रांगा, जीपच्या चाकांचे पट्टे, चहाची किटली घेऊन फिरणारी पोरं आणि हाताच्या अंतरावर दुसरं जोडपं, दुसरा फोटोग्राफर, तीच पोझ. लेहेंग्याचा घेर सावरत वर चढेपर्यंत सूर्य क्षितिजाला टेकायला आलेला असतो.

इथे एक हिशेब मांडायला हवा, कारण सगळं वेळापत्रक त्यावर अवलंबून आहे. फोटोग्राफर ज्याला ‘गोल्डन अवर’ म्हणतात, तो जैसलमेरला तासभर टिकत नाही. सूर्य क्षितिजापासून साधारण सहा अंशांवर आला की त्याचा उजेड मऊ आणि सोनेरी होतो. जैसलमेर आहे सुमारे 27 अंश अक्षांशावर. तिथे डिसेंबरात मावळतीचा सूर्य ताशी बारा अंशांच्या वेगाने खाली येतो. म्हणजे त्या सहा अंशांना मिळतो जेमतेम अर्धा तास. सूर्य बुडाल्यावरची गुलाबी झाक धरली तरी फार तर पाऊण तास. एवढ्या वेळात कपडे बदलणं, मेकअप नीट करणं आणि गर्दीतून फ्रेम मोकळी करणं बसवायचं. शंभर फोटो निघतात. चेहरा नीट दिसतो असे दहा सापडले तरी पुष्कळ.

पोर्ट्रेटसाठी जागा निवडताना मुळात पाहायचं ते चेहऱ्यावर पडणाऱ्या उजेडाकडे. मागचा देखावा नंतर. आणि वाळवंटातल्या शहरात असा उजेड मिळतो तो सावलीत.

हे पटायला एका अमेरिकन फोटोग्राफरकडे वळावं लागतं. रिचर्ड ॲव्हेडन हा फॅशन फोटोग्राफीतला मोठा माणूस. टेक्सासमधल्या एमॉन कार्टर म्युझियमने त्याला अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या माणसांची पोर्ट्रेट्स काढायला सांगितली. 1979 ते 1984 अशी सहा वर्षं तो दर उन्हाळ्यात त्या रखरखीत मुलखात हिंडला. खाणकामगार, ट्रकचालक, खाटीक, भटके अशा 752 जणांना त्याने कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि त्यापायी फिल्मचे सुमारे सतरा हजार ताव खर्ची घातले. एवढा अफाट प्रदेश पाठीशी, पण एकाही फोटोत डोंगर नाही, रस्ता नाही, आभाळ नाही. एखाद्या इमारतीच्या किंवा ट्रेलरच्या भिंतीवर तो सुमारे नऊ फूट रुंद पांढरा कागद लावायचा, माणसाला त्यापुढे उभं करायचा आणि कटाक्षाने सावलीत काम करायचा. कारण त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. ऊन पडलं की चेहऱ्यावर उजळ-काळे ठिपके उमटतात आणि पाहणाऱ्याने कुठे बघायचं ते ऊनच ठरवायला लागतं. 1985 मध्ये हे काम ‘इन द अमेरिकन वेस्ट’ या नावाने पुस्तकरूपात आलं. त्यातले चेहरे पाहिलेला माणूस ते विसरत नाही, आणि तिथे ‘लोकेशन’ म्हणजे फक्त एका भिंतीची सावली.

त्याचा समकालीन अर्विंग पेन तर सावली सोबतच घेऊन फिरला. दूरदेशीच्या माणसांची पोर्ट्रेट्स काढण्यासाठी त्याने कुठेही उभारता येईल असा तंबूचा स्टुडिओ केला होता. 1971 मध्ये मोरोक्कोच्या वाळवंटाच्या वेशीवर त्याने तो ठोकला. बाहेर लख्ख ऊन आणि आत एका बाजूने येणारा शांत उजेड.

जैसलमेरला तंबू न्यायची गरज नाही. रावळ जैसल यांनी 1156 मध्ये हे शहर वसवलं, तेव्हापासून इथल्या बांधकामाचा निम्मा विचार सावलीचाच आहे. गल्ल्या अरुंद, भिंती उंच, वर पुढे आलेले झरोके, दगडात कोरलेल्या जाळ्या. उन्हापासून जीव वाचवायला केलेली ही सगळी रचना पोर्ट्रेटच्या कामी येते.

पुन्हा थोडं गणित. 21 डिसेंबरला भर दुपारीसुद्धा जैसलमेरचा सूर्य क्षितिजापासून चाळीस अंशांच्या वर चढत नाही. त्यामुळे पूर्व-पश्चिम गल्लीत दक्षिणेकडच्या दहा मीटर उंच भिंतीची सावली बारा मीटर लांब पडते. गल्ली चार मीटर रुंद असेल तर जमीन दिवसभर सावलीत आणि समोरच्या भिंतीचा फक्त वरचा तिसरा हिस्सा उन्हात. तो पिवळा, उन्हाने पेटलेला दगड मग मोठ्या सॉफ्टबॉक्सचं काम करतो. उजेड वरून, तिरपा आणि गाळून खाली येतो. हीच भिंत जूनमध्ये, सूर्य जवळजवळ डोक्यावर असताना, साठ सेंटिमीटरचीही सावली कशीबशी देते. इंटरनेटवर दिसलेला फोटो कोणत्या महिन्यातला आहे ते म्हणूनच आधी पाहावं. मावळतीची जागाही बदलते. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या 26 अंश दक्षिणेला बुडतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला.

गल्ली निवडायची एक जुनी रीत जाणत्या फोटोग्राफरांकडे असते. कॅमेरा पिशवीतच ठेवायचा, हात सरळ पुढे धरून मूठ वळायची आणि मुठीवर नजर ठेवून हळूहळू स्वतःभोवती फिरायचं. एका दिशेला बोटांच्या पेरांमध्ये काळ्या रेघा उमटतात, मूठ चपटी आणि दमलेली दिसते. अजून थोडं वळलं की त्याच मुठीला एकाएकी गोलाई येते, कातडीचा पोत उठून दिसतो, नखांवर बारीक चमक येते. तिथेच थांबायचं. मूठ दिसली तसाच चेहरा दिसणार. मॉडेल, मेकअप, लेन्स यांतलं काहीही न खर्चता दहा मिनिटांत अख्खी गल्ली तपासून होते. पटवांच्या हवेल्यांसमोरचा अरुंद रस्ता या परीक्षेसाठी उत्तम. गुमानचंद पटवा यांनी 1805 मध्ये तिथली पहिली हवेली बांधायला घेतली, पुढे पाच झाल्या. भर दुपारी, गाइडांचे घोळके जेवायला पांगले की तिथे मोकळी जागा मिळते.

एक अडचण मात्र आहे, रंगाची. पिवळ्या दगडावरून परतलेला उजेड कातडीवरही पिवळा उतरतो आणि आभाळाकडे उघड्या सावलीत तीच कातडी निळसर होते. एका गालावर एक, दुसऱ्यावर दुसरा असा प्रकार झाला की एडिटिंगला रात्र जाते. त्या जागेवर ग्रे कार्डचा एक फोटो घेऊन व्हाइट बॅलन्स हाताने लावला तर हा ताप वाचतो. कपड्यांचंही तसंच. हळदी, मोतिया, बदामी रंग त्या भिंतीत विरघळून जातात. मोरपंखी किंवा जांभळी पैठणी मात्र अशी उठून दिसते की भाड्याच्या लेहेंग्याचा मोह सुटावा.

मोकळी जागा हवीच असेल तर गडीसर तलाव पहाटेसाठी. डिसेंबरात तिथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, तोही आग्नेयेकडून, पाण्यावरून. घाटावर पाण्याकडे तोंड करून बसलं की तो कोवळा उजेड थेट डोळ्यांत उतरतो. थंडी कडाक्याची असते, बिनबाह्यांच्या चोळीत अंगावर आलेला काटा फोटोत दिसतो. शाल शेवटच्या क्षणापर्यंत अंगावर राहू द्यावी. संध्याकाळसाठी व्यास छत्री. तिथून मावळतीच्या उन्हात किल्ला समोर उजळलेला दिसतो. सत्यजित राय यांनी 1974 च्या सिनेमात ज्याला सोनेरी किल्ला म्हटलं, तो का, हे त्या वीस मिनिटांत कळतं.

बडा बागच्या छत्र्यांमागे पवनचक्क्या दिसतात, म्हणून अनेकजण ती जागा टाळतात किंवा नंतर त्या खोडून काढतात. या परिसरातल्या बऱ्याच पवनचक्क्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनच्या आहेत. त्या राहू द्याव्यात. पाचशे वर्षांचा दगड आणि आजचं पातं एका चौकटीत येतं, असा फोटो दुसऱ्या कुणाच्या अल्बमात सहसा नसतो. पण इथे एक भान हवं. या छत्र्या म्हणजे भाटी राजघराण्याची स्मारकं. आतल्या शिळांवर घोड्यावरचा राजा आणि शेजारी राण्या कोरलेल्या आहेत. आपल्याकडे समाधीच्या चौथऱ्यावर चढून कुणी गळ्यात हात टाकले तर जे वाटेल, तेच तिथल्या माणसालाही वाटतं.

आणि वाळू? तिचा पूर्ण त्याग करायचं कारण नाही, वेळ बदलली की झालं. सम किंवा खुडीला मुक्काम करून उजाडताना निघावं. रात्रीच्या वाऱ्याने पावलं बरीचशी बुजलेली असतात, गर्दी झोपलेली असते. तिरप्या उन्हात वाळूच्या लाटा ठसठशीत दिसतात. जोडप्याची पाठ सूर्याकडे ठेवली की फिकट वाळूच खालून रिफ्लेक्टरसारखी चेहरा उजळते. लेन्स मात्र तिथे बदलू नये. एक कण आत गेला की सेन्सर साफ करून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. मोकळं माळरान दिसलं म्हणून जीप रस्त्याखाली घालणंही टाळावं. गावांनी देवाच्या नावाने राखलेली कुरणं, ज्यांना तिथे ओरण म्हणतात, ती याच मुलखात आहेत आणि 3,162 चौरस किलोमीटरच्या डेझर्ट नॅशनल पार्कात माळढोक अखेरचे श्वास मोजतोय. नान्नजचा माळढोक जवळजवळ गमावलेल्या महाराष्ट्राने तरी हे समजून घ्यावं.

परवानग्यांचं थोडक्यात. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत हातातल्या कॅमेऱ्याला सहसा कुणी अडवत नाही. स्टँड, लाइट आणि ताफा आला की आधी परवानगी लागते. ड्रोनचा विचार तर परवानगी हातात आल्याशिवाय करूच नये. हा सीमेवरचा जिल्हा, शहरालगत हवाई दलाचा तळ, आणि मे 2025 च्या संघर्षात इथल्या आकाशात शत्रूचे ड्रोन पाडले गेले आहेत. किल्ल्याच्या कठड्यावर पाय सोडून बसायची पोझही सोडून द्यावी. या किल्ल्याच्या पायात पाणी मुरतं. 1996 मध्येच वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने त्याला धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घेतलं होतं आणि ऑगस्ट 2024 च्या पावसात तटाचा एक भाग कोसळला.

2013 पासून जागतिक वारसा असलेल्या या किल्ल्यात आजही हजारो माणसं राहतात. ज्या निळ्या दारापुढे जोडपी उभी राहतात, त्यामागे कुणाची तरी डाळ शिजत असते. दार वाजवून ‘इथे पाच मिनिटं उभं राहू का’ एवढं विचारायचं असतं. बहुतेक वेळा होकार मिळतो, कधी खाटही बाहेर येते. त्या दाराशेजारच्या भिंतीवर पुष्कळदा गणपती रंगवलेला असतो आणि त्याखाली वधूवरांची नावं आणि लग्नाची तारीख. इथल्या घरांची ही लग्नपत्रिका, साऱ्या गावासाठी भिंतीवर काढलेली. लग्न होऊन गेलं तरी ती कुणी पुसत नाही, वर्षांमागून वर्षं उन्हात फिकी होत राहते. पुण्या-नाशिकहून आलेलं जोडपं दुपारी एकच्या सुमाराला त्या भिंतीला टेकून उभं राहिलं, समोरच्या झरोक्यावरून ऊन परतून त्यांच्या चेहऱ्यावर आलं, की फोटोग्राफरला फक्त बटण दाबायचं उरतं.