सौम्य म्हणजे मार खाऊन गप्प बसणारा का?



नाताळच्या आधी मूल्यशिक्षणाच्या तासाला मी मुलांना येशू ख्रिस्ताविषयी थोडं सांगते. गेल्या वर्षी चौथीच्या वर्गात सांगत होते, "येशू सौम्य स्वभावाचे होते." मागच्या रांगेतल्या एका मुलाने हात वर केला. म्हणाला, "बाई, सौम्य म्हणजे मार खाऊन गप्प बसायचं ना?"

मी क्षणभर थांबलेच. दोनच दिवसांपूर्वी पाण्याच्या टाकीजवळ या मुलाला दुसऱ्याने मारलं होतं. तो रडत माझ्याकडे आला, तेव्हा मी ऑनलाइन माहिती भरत बसले होते. "जाऊ दे रे, तू शहाणा आहेस ना? सोडून दे," एवढंच बोलून मी त्याला परत पाठवलं. त्याने 'सौम्य' या शब्दाचा अर्थ माझ्याकडूनच शिकला होता, आणि तो चुकीचा होता. म्हणून या विषयाचा जरा नीट अभ्यास केला. तोच आज तुमच्यापुढे मांडते.

सौम्यता म्हणजे काय?

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात ५ ते ७ या अध्यायांत येशूंचं प्रसिद्ध 'डोंगरावरील प्रवचन' आहे. त्याच्या सुरुवातीला कोणकोणती माणसं धन्य आहेत हे सांगितलं आहे. त्या यादीत सौम्य माणसं आहेत आणि पृथ्वीचा वारसा त्यांना मिळेल असं वचन आहे. ऐकायला हे उलटंच वाटतं, नाही का? जमीन तर दांडगाई करणाऱ्याला मिळते, असाच आपला अनुभव. त्या काळी तिथे रोमन सत्ता होती. ऐकणाऱ्यांनाही हे नवलाचंच वाटलं असणार.

मूळ ग्रीक मजकुरात इथे 'प्राउस' या शब्दाचं रूप आहे. ग्रीक भाषेत हा शब्द माणसाळलेल्या जनावरासाठीही वापरत. आपल्या गावाकडचा कामाचा बैल डोळ्यांसमोर आणा. त्याच्या अंगात ताकद नसते का? भरपूर असते. पण तो ती वाटेल तशी उधळत नाही, म्हणून लहान पोरसुद्धा त्याच्या जवळ जातं. ताकद आहे, पण ती ताब्यात आहे, ही झाली सौम्यता. ज्याच्याकडे ताकदच नाही किंवा जो घाबरला आहे, त्याच्या गप्प बसण्याला सौम्यता म्हणता येत नाही.

बायबलमधली दोन उदाहरणं

पहिलं उदाहरण मोशेचं. 'गणना' या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात त्याला पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांत नम्र म्हटलं आहे. हाच मोशे आपल्या गुलाम लोकांच्या सुटकेसाठी मिसरच्या फारो राजासमोर पुन्हा पुन्हा उभा राहिला होता. पण त्याच अध्यायात सख्खी भावंडं, मिर्याम आणि अहरोन, त्याच्याविरुद्ध बोलतात, तेव्हा तो भांडत नाही. उलट मिर्यामला कोड होतं, तेव्हा ती बरी व्हावी म्हणून देवाला विनवतो. म्हणजे बघा, दुसऱ्यावर अन्याय झाला तर ठाम उभं राहायचं आणि स्वतःच्या अपमानाचा सूड घ्यायचा नाही.

दुसरं उदाहरण खुद्द येशूंचं. योहानच्या शुभवर्तमानात १८व्या अध्यायात, अटकेनंतर याजकासमोर चौकशी चालू असताना एक शिपाई त्यांना चापट मारतो. येशू उलट हात उगारत नाहीत आणि गप्पही बसत नाहीत. माझं काही चुकलं असेल तर दाखव, नसेल तर का मारलंस, असं ते सरळ विचारतात. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं.

मनःशांतीशी याचा काय संबंध?

येशूंच्या भाषेत शांतीसाठी जो शब्द होता तो हिब्रू 'शालोम'शी नात्यातला. त्याचा अर्थ फक्त भांडण नसणं एवढाच नाही. सगळं सुस्थितीत असणं, नाती जुळलेली असणं, मन भरलेलं असणं, हे सारं त्यात येतं.

मार्कच्या शुभवर्तमानात ४थ्या अध्यायात गालील समुद्रावरच्या वादळाची गोष्ट आहे. हे खरं तर गोड्या पाण्याचं सरोवर. समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटर खाली, भोवती डोंगर, त्यामुळे तिथे अचानक वारे सुटतात. नावेत पाणी भरत होतं, शिष्य घाबरले होते आणि येशू उशीवर डोकं टेकून झोपले होते. ख्रिस्ती माणूस यातून शिकतो, की बाहेर वादळ असलं तरी देवावर भरवसा असेल तर आत शांतता राहू शकते.

आता दोन्ही जोडून बघा. ज्याचं मन आतून शांत आहे, त्याला प्रत्येक वेळी आपला मोठेपणा सिद्ध करावा लागत नाही. म्हणून तो सौम्य राहू शकतो. आणि जो सौम्य राहतो, त्याच्या मनात सूड साचत नाही, म्हणून शांती टिकते. मत्तयच्या ११व्या अध्यायात येशू दमल्याभागल्यांना बोलावतात आणि आपलं जू घ्यायला सांगतात. जू हे दोघांचं असतं, हे शेतकऱ्याच्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. ओझं एकट्यावर नाही, हाच त्यातला दिलासा.

आपल्या जवळचं उदाहरण

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) आपल्याला साहित्यिक म्हणून माहीत आहेत. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२०मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. हेच धर्मगुरू वसईचा हिरवा पट्टा वाचवण्यासाठी 'हरित वसई संरक्षण समिती'च्या माध्यमातून लोकांबरोबर उभे राहिले. अहिंसेचा मार्ग, पण माघार नाही.

मग मी काय केलं?

दुसऱ्या दिवशी दोन्ही मुलांना जवळ बसवलं. आधी त्या मुलाला म्हटलं, "परवा तुझं ऐकून घ्यायला हवं होतं. माझं चुकलं." मग त्याला म्हटलं, "आता तू विचार, तुला जे विचारायचंय ते." तो मान खाली न घालता म्हणाला, "मला का मारलंस?" मारणारा बराच वेळ गप्प होता. शेवटी "सॉरी" म्हणाला. लगेच दोस्ती झाली नाही, पण त्या मुलाचा चेहरा मोकळा झाला होता.

शिक्षक आणि पालकांनो, 'सोडून दे' हे वाक्य आपण नेमकं कोणाला ऐकवतो, ते एकदा तपासून बघा. बहुतेक वेळा ते मार खाणाऱ्यालाच ऐकवलं जातं. सौम्यता शिकवायची असेल, तर ज्याच्या हातात ताकद आहे त्याच्यापासून सुरुवात करायला हवी. वर्गात ती ताकद सगळ्यात जास्त आपल्याच हातात असते.