दात्री आणि पात्र

दाता, देय आणि पात्र या तिहींचा विचार आपल्या धर्मशास्त्रकारांनीं बारकाईनें केला आहे. पैठणास गोदातीरीं आम्हीं हे शब्द विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षें पढविले. परंतु देय वस्तु म्हणजे स्वतःचें मूत्रपिंड असेल, तर घरांत पात्र कोण ठरतें, हा प्रश्न आम्हांस कधीं सुचला नाहीं.

सन १९९५ ते २०२१ या काळांत भारतांत ३६,६४० अवयवरोपणांची नोंद झाली. त्यांपैकीं २९,६९५ पुरुषांस लाभलीं. स्त्रियांच्या वांट्यास अवघीं ६,९४५ आलीं. उलट, जिवंतपणीं अवयव देणारांत स्त्रियाच पुष्कळ अधिक. १९९४ च्या कायद्यानें जवळच्या नातलगांस दानाची मुभा दिली; कोणीं कोणास द्यावें, हें घर ठरवितें. 'मिळवत्या पुरुषाच्या पोटास शस्त्र कसें लावावें?' एवढ्यावर निकाल लागतो. (आणि पत्नीस आपण अर्धांगी म्हणतों!)

अमेरिकेंत मूत्रपिंडाची शक्ति मोजण्याच्या सूत्रांतच कृष्णवर्णीयांसाठीं निराळा गुणक होता. त्यामुळें त्यांचा विकार सौम्य भासे आणि रोपणाच्या यादींत नांव उशिरां लागे. २०२१ सालीं तज्ज्ञांनीं तो गुणक वगळण्यास सांगितलें; २०२३ पासून त्यांचा बुडालेला प्रतीक्षाकाळहि हिशेबांत धरूं लागले. तें सूत्र कागदावर होतें, म्हणून खोडतां आलें.

आमच्या आळींतील एक सूनबाई डायलिसिससाठीं आठवड्यांतून दोनदां संभाजीनगरास जातात. गेल्या वर्षीं त्यांच्या सासूबाईंनीं मुलास मूत्रपिंड दिलें. सूनबाईंचे दोघे भाऊ धडधाकट आहेत; त्यांच्या रक्ततपासणीची गोष्ट अद्याप कोणीं काढलेली नाहीं.