मोटारीची उंची आणि स्प्रिंगांची निवड

छोट्या मोटारींचे हौशी मालक, गॅरेजमधील कारागीर आणि सुट्या भागांचे दुकानदार यांच्या तोंडी एक सिद्धांत इतक्या निश्चयाने वावरत असतो की, त्याचा दाखला मागण्याची गरजच कोणास भासत नाही. तो असा की, मोटार जितकी खाली बसवावी तितकी तिची रस्त्यावरील पकड वाढते, आणि म्हणून लोअरिंग स्प्रिंग निवडताना ‘किती मिलिमीटर खाली?’ एवढे विचारले म्हणजे काम संपले.

यातील सत्यांश प्रथम कबूल करू. वळणावर आतील चाकांवरचा भार बाहेरील चाकांकडे सरकतो, आणि हे भारसंक्रमण गुरुत्वमध्याच्या उंचीच्या सम प्रमाणात असते. परंतु ज्या मोटारीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 550 मिमी उंच आहे, ती 30 मिमी खाली आणल्याने होणारी घट साडेपाच टक्क्यांच्या आसपास भरते. एवढ्या लाभासाठी काय गमवावे लागते याचा हिशेब कोणी मांडत नाही, आणि याच बेपर्वाईची मला चीड येते.

पहिली हानी चाकाच्या हालचालीची. बंप स्टॉपपर्यंत वर जाण्यास चाकाला 80 मिमी वाव आहे असे धरले आणि त्यातील 40 मिमी लोअरिंगने खर्ची घातले, तर पूर्वीचाच धक्का निम्म्या अंतरात पचवावा लागतो. आणि स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे त्यासाठी ताठरता दुप्पट नव्हे, चौपट हवी. पंचवीस टक्के अधिक ताठ स्प्रिंग यातील जेमतेम आठ मिलिमीटरची भरपाई करते. उरलेला आघात बंप स्टॉपवर पडतो, आणि हे भर वळणावर घडले तर टायरवरील भार एकाएकी उसळून, जी वाढवावयाची होती ती पकडच सुटते.

दुसरी हानी रचनेतून उद्भवते. फोर्डच्या कॉन्सल मोटारीने 1950 मध्ये ब्रिटनमध्ये आणलेला आणि आज बहुतेक छोट्या मोटारींच्या पुढील चाकांना असणारा मॅकफर्सन स्ट्रट खाली बसवला की, लोअर आर्म चाकाच्या बाजूने वर झुकतात, आणि ज्या बिंदूभोवती मोटार कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली जातो. दोहोंमधील अंतर वाढल्याने, ताठरता तीच राहिल्यास मोटार कमी नव्हे, जास्त कलते.

उरलेल्या समजांचा परामर्श थोडक्यात घेता येईल.

‘मूळ स्प्रिंगचे एक वेटोळे कापले की झाले.’ सहापैकी एक क्रियाशील वेटोळे गेल्यास ताठरता 20 टक्के वाढते हे खरे. पण कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही, चाक लोंबकळले की स्प्रिंग जागा सोडू शकते, आणि गॅसने तापवल्यास पोलादाचे पाणीच उतरते.

‘जुने शॉकअ‍ॅब्सॉर्बर चालतील.’ स्प्रिंग 30 टक्के ताठ झाल्यास त्यांची आवर घालण्याची शक्ती तुलनेने सुमारे 12 टक्के उणी पडते.

‘अलाइनमेंट नंतर पाहू.’ उंची बदलली की टो आणि कॅम्बर दोन्ही बदलतात, आणि टायर एका कडेने झिजतात.

‘सावकाश गेले की गतिरोधकावर पोट घासत नाही.’ इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणातील गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 100 मिमी उंच, म्हणून सौम्य असतो. प्रमाण धाब्यावर बसवून बांधलेल्या उभट गतिरोधकाला मोटारीच्या वेगाशी कर्तव्य नसते.

‘मोटार माझी, फेरबदलही माझा.’ नोंदणीचा तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 अन्वये निषिद्ध आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये त्यास दुजोरा दिला आहे. आरटीओत आधी लेखी खुलासा घ्यावा.

म्हणून निवड करताना दुकानदारास तीन गोष्टी विचाराव्यात: ताठरता किती वाढते, बंप स्टॉपपर्यंत अंतर किती उरते, आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर तिला अनुरूप आहेत काय. ज्याच्याजवळ यांची आकड्यांत उत्तरे नाहीत, त्याच्याकडून स्प्रिंग घेऊ नये. कारण टायर रस्त्याला सतत भिडवून ठेवणे हेच स्प्रिंगचे खरे कार्य असून, मोटारीची उंची हा त्याचा केवळ एक परिणाम आहे.