पत्ता नसलेल्यांपर्यंत लस

सप्टेंबर १९९४. सुरतेत गणपती विसर्जन नुकतंच झालं होतं. त्याआधी पुराचं पाणी झोपडपट्ट्यांत शिरून ओसरलं होतं. वेड रोड, कतारगाम या भागांत धडधाकट माणसं ताप आणि रक्ताळलेल्या थुंकीने दोन-तीन दिवसांत दगावू लागली. प्लेगचं नाव कानावर पडलं आणि आठवड्याभरात लाखो लोकांनी शहर सोडलं. उधना, लिंबायत, पांडेसऱ्यातल्या खानदेशी कामगारांनी ताप्ती लाईनची रेल्वे धरली. नंदुरबार, अमळनेर, जळगाव, जिथे कुणी आपलं असेल तिथे. दवाखाने बंद करून जाणाऱ्यांत खासगी डॉक्टरही होते. प्लेगवरचं टेट्रासायक्लीन औषधाच्या दुकानांतून दिसेनासं झालं. अधिकृत बळी पन्नासच्या थोडे वर, पण त्यापायी शहराचा मोठा भाग विस्थापित झाला.

त्या वेळी लस का टोचली नाही, असं आजही विचारलं जातं. प्लेगची लस तर मुंबईचीच. १० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्यात वाल्डेमार हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या ज्या संस्थेला त्यांचं नाव आहे, तिथे ती पुढे कित्येक वर्षं तयार होत राहिली. पण ती मृत जंतूंची लस. तिचे एकाहून जास्त डोस लागत, प्रतिकारशक्ती यायला दिवस जात आणि फुप्फुसाच्या प्लेगवर तिचा भरवसा नव्हता. पेटलेल्या साथीत तिचा उपयोग नव्हता. त्यामुळे घरोघरी गोळ्या वाटणं, ताप मोजणं आणि फवारणी हाच मार्ग उरला. तो बरोबर होता. मात्र जो माणूस गाडीत बसून निघून गेला, त्याच्यापर्यंत गोळ्यांचा कोर्स पोचवणार कोण, याचं उत्तर सुरतेपाशी नव्हतं.

१९९५ मध्ये महापालिका आयुक्त म्हणून एस. आर. राव आले. कचरा रात्रीतून उचलला जाऊ लागला, अधिकारी रोज सकाळी रस्त्यावर दिसू लागले, तापाच्या रुग्णांची रोजची नोंद सुरू झाली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीने जवळजवळ सगळं शहर बुडवलं. पाणी ओसरल्यावर मोठी साथ उसळेल अशी भीती होती. १९९४ सारखी पळापळ मात्र झाली नाही. याचं श्रेय मी त्या रोजच्या, कंटाळवाण्या नोंदींना देतो.

विस्थापितांच्या छावणीत अन्न-पाण्याइतकीच निकड गोवराच्या लशीची असते, हे जगभरच्या मदतकार्याने फार मोठी किंमत मोजून शिकलेलं आहे. दाटीवाटी आणि कुपोषण एकत्र आलं की गोवर लहान मुलांना पटापट नेतो. म्हणून सहा महिन्यांपुढच्या मुलांना लस आणि सोबत जीवनसत्त्व ‘अ’, तेही रुग्ण सापडायची वाट न पाहता. देवीचा धडाही तोच. १९७१ मध्ये कोलकात्याजवळच्या सॉल्ट लेक छावणीत देवी वेळेवर ओळखली गेली नाही आणि परतणाऱ्या निर्वासितांबरोबर ती देवीमुक्त झालेल्या बांगलादेशात पुन्हा शिरली. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला, तो आसामातल्या करीमगंजच्या रेल्वे फलाटावर राहणारी एक बेघर स्त्री. रोग सर्वांत शेवटी कुठे दडून बसतो, ते यातून कळावं.

पोलिओच्या मोहिमेने हे मनावर घेतलं. वीटभट्ट्या, बांधकामं, पालं, भटक्यांचे तळ अशा जागांच्या वेगळ्या याद्या झाल्या. स्टेशनांवर, बस स्टँडवर पथकं उभी राहिली आणि चालत्या प्रवासात मुलांना दोन थेंब पाजून डाव्या करंगळीवर खूण होऊ लागली. जानेवारी २०११ नंतर देशात वन्य विषाणूच्या पोलिओचा रुग्ण सापडला नाही.

मग २०२० आलं. टाळेबंदीत सुरतेचे लूम थांबले, पगार थांबले, एप्रिलमध्ये कामगार रस्त्यावर उतरले आणि मे महिन्यात श्रमिक गाड्या भरभरून निघाल्या. पुढच्या वर्षी पुण्यात बनलेली कोविडची लस आली, पण सुरुवातीला ती मोबाईल, ओळखपत्र आणि कोविन पोर्टलवरचा स्लॉट मागत होती. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगाराकडे या तिन्हींपैकी एखादी वस्तू नसायचीच. ओळखपत्र नसलेल्यांसाठीची कार्यपद्धती केंद्राने काढली ती मे २०२१ मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना. हे आधी सुचायला हवं होतं.

नेहमीच्या लसीकरणात त्या काळात पडलेलं खिंडार २०२२ च्या अखेरीस दिसलं. गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे गोवर उसळला, अहमदाबादेतही केंद्राचं पथक आलं. भिवंडी, मालेगाव आणि सुरत ही एकाच यंत्रमागाच्या पट्ट्यातली गावं, कामगार एकीकडून दुसरीकडे जात राहतो आणि मुलाचं लसीकरणाचं कार्ड मागे राहतं.

पण मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ज्यांच्या विस्थापनाला कुणी आपत्ती म्हणत नाही त्यांची. दिवाळीच्या आगेमागे डांग, नंदुरबार, धुळ्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या सुरत जिल्ह्यात उतरतात. बारडोली, मढी, सायण, चलथाणचे साखर कारखाने त्यांच्या जिवावर चालतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पडावावर खोपी उभ्या राहतात आणि पुढचे पाच-सहा महिने पोरं तिथेच वाढतात. समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या या तोडकऱ्यांवर काही दशकांपूर्वी लिहिलं, तेव्हाचं वर्णन आज वाचलं तरी जुनं वाटत नाही.

सकाळी अकराला नर्सताई पडावावर पोचली, तर आई फडात असते आणि बाळ सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. पोरीला तारीख सांगता येत नाही, लसीकरणाचं कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत. गोवर-रुबेलाच्या एका कुपीत दहा डोस, द्रावण मिसळल्यावर चार तासांत संपवायची, नाहीतर टाकायची. समोर मुलं दोनच. एका मुलासाठीसुद्धा कुपी फोडा, असा नियम आहे, पण वाया गेलेल्या डोसांचा जाब विचारला जाईल या धाकाने हात आखडतो. संध्याकाळी आई भेटलीच तर तिचा प्रश्न सरळ असतो, ‘पोऱ्याले ताप उना तं कामले कोन जाई?’ ताप आला तर उद्याचा खाडा, आणि खाडा म्हणजे आगाऊ घेतलेली उचल फिटायला आणखी एक दिवस. तिला अडाणी म्हणणं सोपं आहे. पॅरासिटामॉलची बाटली हातात देऊन, ताप एक-दोन दिवसांत उतरतो हे अहिराणीत समजावणारी बाई सोबत नेणं जास्त उपयोगाचं.

हंगाम ठरतो तेव्हा मुकादमाच्या वहीत कोयते आणि त्यांची उचल लिहिली जाते. त्याच पानावर पाच वर्षांखालच्या मुलांची नावं आणि राहिलेले डोस लिहून घ्यावेत, आणि ती यादी टोळी निघण्याआधी नंदुरबार-धुळ्याच्या आरोग्य खात्याने सुरतेला पाठवावी. लसीकरणाचं सत्र पडावावर संध्याकाळी सातनंतर ठेवावं. दोन राज्यांच्या जिल्ह्यांनी एकमेकांना फोन करण्यापलीकडे याला फारसं काही लागत नाही. कारखान्यांच्या संचालकांत, जिल्हा परिषदेत, आरोग्य केंद्रात ज्यांची ओळख असेल, त्यांनी यंदाच्या दसऱ्याआधी एवढं त्यांच्या कानावर घालावं.