सातबारा जमिनीचा असतो, पाण्याचा नसतो

ओढ्याकाठी, तळ्याशेजारी किंवा खाडीलगत बांधकाम करायचं म्हटलं की पर्यावरणाच्या परवानग्यांबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक असं की हे नियम बड्या बिल्डरांसाठी आहेत, आपल्या चार गुंठ्यांचा त्यांच्याशी काय संबंध! दुसरं असं की पूररेषेत आली ती जमीन मेली, तिथे आता खुंटीसुद्धा ठोकता येणार नाही. दोन्ही मतं चुकीची आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. जमिनीचा कागद स्वच्छ असला की बांधायचा हक्क आपोआप मिळतो आणि परवानगी म्हणजे त्या हक्काच्या वाटेत घातलेला खोडा, अशी ती समजूत. प्रत्यक्षात मालकी आणि पाणी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जमीन कोणाची हे सातबारा सांगतो. तिच्यावरून किती पाणी कुठून कुठे जातं, हे तो सांगत नाही. बहुतेक परवानग्या या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मागण्यासाठी आहेत.

सर्वांत जुना गैरसमज ओढ्याचा. ‘ओढा माझ्याच गटातून जातो, वर्षातले आठ महिने कोरडा असतो, बुजवला तर कोणाचं काय बिघडलं?’ महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार जे नदी-नाले, ओढे, तळी कायद्याने कोणा व्यक्तीच्या मालकीची ठरत नाहीत, ती सरकारची असतात. म्हणजे भोवतालचा गट आपल्या नावावर असला म्हणून त्यातून जाणारं पात्र आपलं ठरत नाही. पात्र कोरडं आहे, हाही पुरावा होत नाही. आपल्याकडचे बहुतेक ओढे हंगामीच असतात. पुण्यात कात्रजकडून येणारा आंबिल ओढा एरवी कोणाच्या खिजगणतीत नव्हता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो सहकारनगर, दांडेकर पूल या भागांतल्या वस्त्यांत शिरला आणि त्या पुरात वीसहून अधिक माणसं गेली. ओढा वळवायला कधीच परवानगी मिळत नाही, असंही नाही. सखल जमिनीतून निश्चित काठ नसलेला लहान प्रवाह जात असेल, तर प्राधिकरणाने ठरवलेल्या मार्गाने आणि छेदाने तो नेता येतो. मात्र पाणी आत येण्याची आणि बाहेर पडण्याची जागा बदलता येत नाही. मालकाने आपल्या हद्दीत सोय करून घ्यावी, पण वरच्याचं पाणी तुंबवू नये आणि खालच्याच्या अंगावर लोटू नये, एवढंच त्यातून साधायचं आहे. ह्यूम पाइप टाकून वर मुरूम पसरला की प्रश्न मिटला, हा युक्तिवाद इथेच कोसळतो. उघड्या ओढ्याला पूर आला तर तो दोन्ही काठांवर पसरतो. पाइप एकदा भरून वाहू लागला की जादा पाण्याला जागाच उरत नाही, आणि तोंडाशी फांदी नि प्लॅस्टिक अडकलं तर वरच्या सोसायटीचं तळमजल्याचं पार्किंग आधी भरतं.

पूररेषेबद्दल दोन गैरसमज आहेत. पहिला, लाल रेषेच्या आत सगळंच बंद. खरं तर पात्रापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध असतो. तिथेही बाग, मोकळं मैदान, वाहनतळ असे वापर चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला पट्टा नियंत्रित असतो. मुंबई वगळता बहुतांश राज्याला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित नियमावलीनुसार तिथे जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच ठेवून बांधता येतं. दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असं वाचलं की माणूस म्हणतो, ‘पूर परवाच येऊन गेला, आता शंभर वर्षं चिंता नाही.’ हे वेळापत्रक नव्हे, संभाव्यता आहे. लाल रेषेइतका पूर कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता एक टक्का, निळ्या रेषेइतका येण्याची चार टक्के. घरकर्जाची तीस वर्षं धरून हिशेब केला तर त्या मुदतीत लाल रेषेचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते आणि निळ्या रेषेचा येण्याची सुमारे ७० टक्के. निळ्या रेषेच्या आत घर का नको, याचं याहून वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

पाणथळ जागांबाबत ‘अधिसूचित नाही, म्हणजे भराव टाकायला मोकळी’ असं सर्रास मानलं जातं. या समजुतीला थोडा आधार आहे, हे मान्य करायला हवं. २०१७ चे पाणथळ जागा नियम रामसर या आंतरराष्ट्रीय यादीतल्या आणि सरकारने अधिसूचित केलेल्या जागांनाच लागू होतात. नदीपात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलाव, मिठागरं त्यांच्या व्याख्येतून वगळली आहेत. पण गोष्ट इथे संपत नाही. इस्रोच्या नकाशासंग्रहात नोंदलेल्या, सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना २०१० च्या नियमांतल्या बंदीची तत्त्वं लावून संरक्षण द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये दिला. पुढच्या नकाशासंग्रहात हा आकडा २,३१,१९५ वर गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने राज्यांना या जागांची प्रत्यक्ष पाहणी करून सीमा ठरवायला सांगितलं. म्हणजे अधिसूचना नसलेली जागाही संरक्षित असू शकते. शिवाय एका नियमातून वगळलेली जागा दुसऱ्यात येते. नाशिक जिल्ह्यातला नांदूर मधमेश्वर हा गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेला जलाशय, तरीही तो अभयारण्य आहे आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळही.

किनाऱ्याकडे हाच वाद खारफुटीवरून होतो. ‘खाजण माझं, त्यातली झाडं माझी.’ मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात मालकी कोणाचीही असो, खारफुटी तोडायला बंदी घातली. भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम आणि राडारोडा टाकणंही बंद केलं. यावर नेहमीचा आक्षेप असा की सरकारी प्रकल्पांना मात्र सगळं माफ असतं. तसं नाही. बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार खारफुटीची झाडं तोडायची होती, तेव्हा प्रकल्पाला उच्च न्यायालयात जाऊन सार्वजनिक हित सिद्ध करावं लागलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ही परवानगी द्यायला हवी होती का, यावर मतभेद असू शकतात. पण आधी विचारायचं आणि मग तोडायचं, हा क्रम सरकारलाही चुकला नाही.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज म्हणजे ‘नकाशा मंजूर आहे ना, मग झालं!’ बांधकाम परवाना, अकृषिक परवाना, किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी, पूररेषेचा दाखला हे प्रत्येक वेगळ्या प्रश्नाचं उत्तर असतं. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. २० हजार चौरस मीटरपेक्षा कमी बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरी सहसा लागत नाही, म्हणून लहान प्रकल्पवाले निर्धास्त असतात. पण पूररेषा, खारफुटी आणि किनारा नियमन यांना हा आकडा लागूच नाही. कोचीजवळच्या मराडूत चार इमारतसंकुलांना ग्रामपंचायतीचे परवाने होते, किनारा प्राधिकरणाची मंजुरी नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये ती पाडायचा आदेश दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० रोजी स्फोटकं लावून ती जमीनदोस्त झाली. लोक राहत होते, सदनिकांचे व्यवहार नोंदलेले होते, तरी इमारती वाचल्या नाहीत. सदनिकाधारकांना प्रत्येकी २५ लाख रुपये अंतरिम भरपाई ठरली, पण घर गेलं ते गेलंच.

यावर गंभीर आक्षेप उरतो तो असा की एवढ्या खिडक्यांवर फिरायचं तर सामान्य माणसाने घर बांधायचं कधी? तक्रार खरी आहे. नकाशे एका ठिकाणी मिळत नाहीत, अनेक ओढ्यांच्या पूररेषा आखलेल्याच नाहीत, पाणथळ जागांच्या सीमा वर्षानुवर्षं ठरत नाहीत. पण यावरचा इलाज रेषा लवकर आखून सर्वांसमोर मांडणं हा आहे, रेषाच पुसणं हा नव्हे. संदिग्धतेचा फायदा रातोरात डंपर ओतणाऱ्याला होतो. नियम पाळू पाहणारा मात्र चकरा मारत राहतो. रेषा पुसल्याने खर्चही वाचत नाही. बांधणाऱ्याचा खर्च वाचतो आणि तोच पुढे खालच्या अंगाला राहणाऱ्यांच्या आणि महापालिकेच्या माथी येतो.

म्हणून विसार देण्याआधी गावनकाशावर ओढा दिसतो का, पूररेषेचा दाखला काय सांगतो, जागा पाणथळ नकाशासंग्रहात किंवा किनारा नियमनाच्या नकाशात येते का, एवढं तपासून घ्यावं. जमीन न घेणं हा पर्याय तेव्हा अजून हातात असतो. भराव टाकून, जोतं काढून झाल्यावर हेच प्रश्न कोर्टाच्या नोटिशीतून येतात, आणि तोवर पैसे अडकलेले असतात.